हिमोग्लोबिन ७.८ आणि फेरिटिन ३,४००: रक्त कमी असताना लोह जास्त कसं?

घटप्रभेचा_पोर

मंडळी, जरा लांबण लागणार आहे, पण पूर्ण वाचा.

भावाचा मुलगा, वय ११, थॅलेसेमिया मेजर, म्हणजे सारखं रक्त चढवायला लागणारा जन्मजात आजार. पहिला वाढदिवस व्हायच्या आधीच निदान झालं. तेव्हापासून दर तीन आठवड्यांनी बेळगावला नेऊन रक्त चढवतो. आम्ही संकेश्वरकडचे. परवाच्या खेपेला रक्त चढवण्याआधीचं हिमोग्लोबिन आलं ७.८ आणि सीरम फेरिटिन, म्हणजे अंगात साठलेल्या लोहाचा अंदाज देणारा आकडा, ३,४००. डॉक्टरांनी लोह उतरवायच्या गोळीचा डोस वाढवला, 'आयर्न ओव्हरलोड आहे, गोळी चुकवू नका' एवढं सांगितलं आणि पुढचा नंबर पुकारला. ओपीडीत पाय ठेवायला जागा नव्हती. भाऊ कन्नड फाडफाड बोलतो, पण त्यालाही तिथं जास्त विचारायचं सुचलं नाही.

खरा गोंधळ घरी आल्यावर. आई म्हणते, "लेकरू पांढरंफटक पडलंय आणि तुम्ही त्याच्या अंगातलं लोखंड काढायचं औषध देताय?" ती त्याला बीट, खजूर, गूळ-शेंगदाणे नेमानं खाऊ घालते, भाजीसुद्धा लोखंडी कढईत. त्यात यंदा तो सहावीत गेला, तशी शाळेतून आठवड्याला निळी गोळी मिळायला लागली. ती लोहाचीच ना? वहिनीनं शेजारणीच्या सांगण्यावरून 'रक्तवाढीचं' टॉनिकही आणलंय, अजून फोडलेलं नाही.

रक्त कमी आणि लोह जास्त, हे एकाच अंगात कसं काय? आईला पटेल असं कुणी सांगेल का?

लॅबवाले_अण्णा

टॉनिकची बाटली फोडू नका. निळ्या गोळीबद्दल उद्याच वर्गशिक्षकांना चिठ्ठी द्या, सोबत डॉक्टरांच्या कागदाची झेरॉक्स जोडा. बाकीचं सावकाश वाचा.

मी बेळगावात रक्तपेढी आणि लॅब दोन्हीकडं नोकरी केली, आता निवृत्त आहे. डॉक्टर नाही. त्यामुळं डोस कमी-जास्त करायचा सल्ला माझ्याकडून मिळणार नाही.

'रक्त कमी' म्हणजे हिमोग्लोबिन कमी. हिमोग्लोबिन बनायला लोह लागतं, पण नुसतं लोह पुरत नाही. त्याच्याबरोबर ग्लोबिन नावाच्या प्रथिनाच्या साखळ्या लागतात, दोन अल्फा आणि दोन बीटा. बीटा थॅलेसेमिया मेजरमध्ये बीटा साखळी तयार होत नाही किंवा फारच थोडी होते. मग हाडाच्या मगजात तांबड्या पेशी बनायला घेतल्या तरी निम्म्यात मरतात. तुम्ही साखरपट्ट्यातले, म्हणून असं सांगतो: कारखान्याचं गाळप बंद पडलंय, पण उसाच्या गाड्या यायच्या थांबलेल्या नाहीत. यार्डात ऊस ढीगभर आणि साखरेचं पोतं एक नाही. आईंना एवढं सांगितलं तरी कळेल. त्यांना बाहेरून कारखाना बंद दिसतो आणि वाटतं ऊस कमी पडला.

आता आकडे. निरोगी माणसाच्या अंगात सगळं मिळून ३ ते ४ ग्रॅम लोह असतं, त्यातलं साधारण दोन तृतीयांश हिमोग्लोबिनमध्ये. तांबडी पेशी जगते १२० दिवस. म्हातारी झाली की पानथरी, म्हणजे प्लीहा, तिथल्या पेशी तिला मोडून आतलं लोह काढून घेतात आणि परत मगजाकडं पाठवतात. अशी रोज २० ते २५ मिलिग्रॅमची उलाढाल चालते. त्यामुळं जेवणातून रोज शोषायला लागतं फक्त १ ते २ मिलिग्रॅम, आणि कातडी, आतड्याच्या झडणाऱ्या पेशी यातून तेवढंच बाहेर जातं. जास्तीचं लोह बाहेर टाकायची वाट शरीरात नाहीच. मूत्रपिंड ते टाकत नाही, घामावाटेही ते जात नाही. शरीर फक्त आत घेताना हात आखडता घेऊ शकतं.

आणि रक्ताची एक पिशवी म्हणजे २०० ते २५० मिलिग्रॅम लोह. ते आतड्यातून येत नाही, थेट शिरेतून येतं. तिथं हात आखडायची सोयच नाही. मोठ्या माणसाला महिन्याला दोन पिशव्या धरल्या तर वर्षाला ५ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे जन्मभराच्या साठ्याहून जास्त. मुलाला वजनाप्रमाणे कमी लागतं, पण हिशेब तोच.

हे लोह सुरुवातीला पानथरीत आणि यकृतात साठतं. रक्तात लोह वाहून नेणारं ट्रान्सफेरिन नावाचं प्रथिन असतं. एरवी ते २० ते ४५ टक्के भरलेलं असतं. ७०-७५ टक्क्यांच्या पुढं गेलं की मोकळं लोह रक्तात फिरायला लागतं, आणि ते हृदयात, स्वादुपिंडात, थायरॉईडमध्ये, मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरीत जाऊन बसतं. दुखत नाही, खुपत नाही. वर्षांनी एकदम कळतं: उंची थांबली, वयात यायचं लांबलं, साखर वाढली, हृदय थकलं. थॅलेसेमियाची मुलं रक्त मिळूनही तरुणपणी दगावायची ती मुख्यतः हृदयात बसलेल्या लोहानं.

एक विचारतो. रक्त चढवण्याआधीचं हिमोग्लोबिन दरवेळी ७-८ च असतं का? साधारण ९ ते १०.५ च्या दरम्यान ठेवायचा प्रयत्न असतो. 'लोह वाढतंय म्हणून रक्त कमी देऊ' असा विचार घरात कुणाच्या डोक्यात असेल तर काढून टाका. रक्त कमी पडलं की मगज जोर करतो, चेहऱ्याची हाडं रुंदावतात, पानथरी वाढते, आणि आतडं उलट जास्त लोह ओढायला लागतं.

वडगावची_मावशी

अण्णा, तुमचं ते यार्डाचं समजलं. पण आजीला कशाला बोलूलैत सगळे? आम्हाला डॉक्टरणीबाईनंच सांगितलेलं, रक्त कमी असलं की पालेभाजी, गूळ, नाचणी खा म्हणून. माझ्या तिन्ही बाळंतपणात लाल गोळ्या खाऊन हिमोग्लोबिन वाढलं. मग त्या पोरग्यानं खायचं तरी काय? भाकरी पण बंद करूलैत काय त्याची?

लॅबवाले_अण्णा

मावशी, आजीला कुणीच बोलत नाही. बाळंतपणातलं रक्त कमी होणं बहुतेक वेळा खरंच लोहाच्या कमतरतेचं असतं, तिथं लाल गोळीच पाहिजे. हा आजार वेगळा.

पोरानं सगळं खायचं. भाकरी, आमटी, पालेभाजी, गूळ-शेंगदाणे, सगळं. दिवसभराच्या जेवणात लोह असतं १०-१५ मिलिग्रॅम, त्यातलं अंगी लागतं थोडंसं. तीन आठवड्यांनी शिरेतून येणाऱ्या लोहापुढं ते किरकोळ आहे. वाढत्या वयाच्या मुलाला उपाशी ठेवून लोह उतरत नाही, फक्त मूल उतरतं.

टाळायचं ते एवढंच: लोहाची टॉनिकं, 'आयर्नयुक्त' लिहिलेल्या पावडरी, मटणाचं काळीज वारंवार, आणि डॉक्टरांना न विचारता क जीवनसत्त्वाच्या गोळ्या. क जीवनसत्त्वानं लोह जास्त शोषलं जातं, आणि साठलेलं लोहही मोकळं होऊन हृदयाला त्रास देऊ शकतं. लिंबू पिळलेली आमटी त्यात मोडत नाही. कढईचं म्हणाल तर चिंच-टोमॅटोची आंबट भाजी लोखंडात शिजवू नका, आंबटानं लोह जास्त सुटतं. बीट खाल्लं तर खाऊ दे. त्याचा रंग लाल आहे, बाकी लोह बेताचंच.

जेवणाबरोबर घोटभर चहा घेतला तर लोह कमी शोषलं जातं. आपल्याकडं हा सल्ला कुणालाही जड जायला नको.

निपाणी_मेडिकल

मी काउंटरच्या अलीकडून सांगतो. हे पेशंट आमच्याकडं येतात, आणि अडचण बहुतेक वेळा गोळी घेण्याच्या पद्धतीत असते.

लोह उतरवायला मुलांना सहसा डेफेरासिरॉक्स देतात, रोज एकदा. जुन्या प्रकारची गोळी पाण्यात विरघळवायची असते. ग्लासभर पाणी किंवा संत्र्याचा, सफरचंदाचा रस घ्या, गोळी टाका, चांगलं ढवळा, प्या. तळाला पांढरा गाळ राहतो, त्यात परत थोडं पाणी घालून तोही प्या. गाळ टाकून दिला की डोस गेला. दुधात नाही, सोड्याच्या थंड पेयात नाही, चावून नाही, आणि जेवणाआधी किमान अर्धा तास, रोज एकाच वेळी. नवीन फिल्म-कोटेड गोळी गिळायची असते आणि तिच्या मिलिग्रॅमचा हिशेब वेगळा आहे. त्यामुळं एकीच्या जागी दुसरी तेवढ्याच मिलिग्रॅमची घेऊ नका, दुकानदारानं दिली तरीही. ॲसिडिटीचं ॲल्युमिनियमवालं पातळ औषध सोबत नको.

दर महिन्याला क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी), लघवीतलं प्रोटीन आणि लिव्हरच्या तपासण्या, वर्षातून एकदा कान आणि डोळे. आणि हे ठळक लिहून फ्रीजवर चिकटवा: ताप, उलट्या, जुलाब लागले, पोरगं पाणी पीत नसेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून गोळी थांबवायची का विचारा. अंगातलं पाणी कमी झालेलं असताना ही गोळी चालू राहिली तर मूत्रपिंडाला मार बसतो.

दुसरी गोळी डेफेरिप्रोन, दिवसातून तीनदा. ही जगात फार आधी आपल्याच देशात मिळायला लागली, १९९० च्या दशकात. जुने पालक तिला अजून 'केल्फर' म्हणूनच मागतात. हृदयातलं लोह काढायला चांगली. पण शंभरात एखाद्याच्या पांढऱ्या पेशी एकदम घसरतात. म्हणून ही गोळी चालू असताना घसा दुखून ताप आला तर गोळी बंद आणि त्याच दिवशी सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी. लघवी लालसर होते, त्याला घाबरायचं नाही. तिसरं म्हणजे डेस्फेरॉलचं इंजेक्शन, पंपानं कातडीखाली ८ ते १२ तास, आठवड्यातून ५ ते ७ रात्री. गोळ्या यायच्या आधी तोच एक मार्ग होता.

आणखी एक. डॉक्टर 'फॉलिक ॲसिड' लिहितात. दुकानातून 'आयर्न-फॉलिक' हातात पडू शकतं. पाकिटावर 'फेरस' किंवा 'फेरिक' असं काही दिसलं तर परत करा.

काळी_माती

सगळं इंग्रजी औषधाचंच चाललंय. गोळीनं मूत्रपिंड जातं हे तुम्हीच सांगताय. आमच्या अथणीकडं एक वैद्य मंडूर भस्म आणि गव्हांकुराचा रस देतात, पांडुरोगावर हजारो वर्षांचं औषध आहे. कंपन्यांना पोरगं जन्मभर गोळीवर हवंय, दुसरं काय.

लॅबवाले_अण्णा

> पांडुरोगावर हजारो वर्षांचं औषध

मंडूर म्हणजे काय ते वैद्यांनाच विचारा. जुन्या लोखंडाचा गंज आणि कीट. पुनर्नवा मंडूर घ्या, धात्री लोह घ्या, नवायस घ्या, प्रत्येकात लोहच आहे. लोहाच्या कमतरतेच्या पांडुरोगात त्याला अर्थ असेल. इथं यार्ड आधीच भरलंय. चांगला वैद्य फेरिटिनचा कागद बघून स्वतःच नको म्हणेल. गव्हांकुर प्यायचा तर प्या, पण त्यापायी रक्ताची तारीख पुढं ढकलू नका.

मूत्रपिंडाचं म्हणाल तर त्याच्यासाठीच दर महिन्याची तपासणी आहे.

खानापूरची_लेक

मी थॅलेसेमिया इंटरमिडिया, म्हणजे मेजरपेक्षा सौम्य प्रकार, वय ३४. मला रक्त क्वचितच लागलंय, एकदा बाळंतपणात आणि एकदा ऑपरेशनच्या वेळी. हिमोग्लोबिन ८-८.५ वर स्थिर. माझा किस्सा उलटा आहे म्हणून लिहिते.

लहानपणापासून 'ॲनिमिक' म्हणून प्रत्येक दवाखान्यात लोहाच्या गोळ्या मिळाल्या. गावच्या आरोग्य केंद्रात, शाळेत, कॉलेजच्या शिबिरात. कुणी फेरिटिन केलं नाही, कारण हिमोग्लोबिन दिसत होतं आणि गोळी फुकट होती. पुढं बेळगावात एका डॉक्टरांनी पानथरी हाताला लागली म्हणून हिमोग्लोबिन इलेक्ट्रोफोरेसिस, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून बघायची तपासणी, करायला लावलं आणि उलगडा झाला. फेरिटिन ९५० होतं. मला वाटलं गोळ्यांमुळं असेल. डॉक्टर म्हणाले, गोळ्या एकटं कारण नव्हे, तुमचं आतडंच जास्त लोह ओढतंय.

यामागचं कारण मी नंतर वाचलं आणि मला ते फार विलक्षण वाटलं. यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक बनवतं. लोह पुरेसं झालं की हेप्सिडिन वाढतं आणि आतड्याच्या पेशीतून रक्तात लोह सोडणारी दारं बंद करतं. हे शास्त्रज्ञांना कळलं २००० नंतर, म्हणजे माझ्या शाळेच्या दिवसांत ते कुणाला नीट ठाऊकच नव्हतं. इंटरमिडियात मगज सारखा तांबड्या पेशी बनवायची धडपड करतो, आणि त्या अर्धवट पेशी एरिथ्रोफेरॉन नावाचा निरोप यकृताला धाडतात: लोह हवंय, हेप्सिडिन बंद कर. हा निरोप्या तर २०१४ मध्ये सापडला. यकृत बिचारं ऐकतं. दारं सताड उघडी. लोह कमी नसताना, साठे भरलेले असताना, अंग स्वतःला उपाशी समजून लोह आत घेत राहतं.

म्हणून आमच्यासारख्यांना चहाचा सल्ला खरोखर उपयोगी आहे, आणि फेरिटिनही फसवं आहे. आमच्यात लोह आधी यकृताच्या मुख्य पेशींत साठतं, त्यामुळं फेरिटिन त्या मानानं कमी दिसतं. रक्त घेणाऱ्या पेशंटचं ९५० आणि माझं ९५० एक नाही. आमच्याकडं ८०० च्या पुढं गेलं की उपचाराचा विचार सुरू होतो. यकृताचा एमआरआय केल्यावरच माझा डोस ठरला.

चिकोडी_डायलिसिस

माझी शंका धाग्याला थोडी सोडून आहे, अण्णा. वडिलांचं आठवड्यातून दोनदा डायलिसिस. हिमोग्लोबिन ८.९, फेरिटिन ४२०. वर वाचलं की फेरिटिन जास्त म्हणजे लोह जास्त. मग आमचे डॉक्टर लोहाचं इंजेक्शन का लावतात? काल मी ते थांबवायला सांगणार होतो.

लॅबवाले_अण्णा

थांबवू नका, आधी विचारा. तुमच्या कागदावर ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन, म्हणजे ट्रान्सफेरिन किती टक्के भरलंय ते, किती आहे? टीएसएटी असं छापलेलं असेल.

चिकोडी_डायलिसिस

१६ टक्के.

लॅबवाले_अण्णा

मग हा प्रकार वरच्याच्या अगदी उलटा. खानापूरच्या ताईंकडं हेप्सिडिन दबलेलं, तुमच्या वडिलांकडं चढलेलं. मूत्रपिंड बिघडलं की हेप्सिडिनचा निचरा होत नाही, शिवाय शरीरात दाह असतो, त्यानंही ते वाढतं. दारं बंद. लोह कोठारात आहे म्हणून फेरिटिन ४२०, पण कोठाराबाहेर येत नाही म्हणून सॅच्युरेशन १६. तोंडानं दिलेली गोळीही आतड्यात अडते. म्हणून शिरेतून देतात, आणि जोडीला मगजाला चालना देणारं एरिथ्रोपोएटिनचं इंजेक्शन. डायलिसिसच्या नळ्यांत, तपासण्यांत वर्षाला एक-दोन ग्रॅम लोह निघूनही जातं. साधारणपणे सॅच्युरेशन ३० पर्यंत आणि फेरिटिन ५०० पर्यंत असेल तर डॉक्टर लोह द्यायचा विचार करतात. त्याच्या पुढं गेल्यावर मात्र विचारायचं.

टीबी, संधिवात, जुना जंतुसंसर्ग यातही असंच होतं. ताप असताना केलेलं फेरिटिन म्हणूनच एकटं वाचू नये. दोन्ही आकडे एकत्र बघा. फेरिटिन १५ च्या खाली असेल तर लोहाची कमतरता नक्की. पण ते नॉर्मल दिसलं म्हणून कमतरता नाही, असं दाह असलेल्या पेशंटमध्ये म्हणता येत नाही.

तिसरं_गेट

मी टिळकवाडीतली. मला थॅलेसेमिया मायनर आहे, म्हणजे दोष अंगात आहे पण मेजरसारखा आजार नाही; लग्नाआधीच्या तपासणीत कळलं. माझा रिपोर्ट एमसीव्ही (तांबड्या पेशीचा सरासरी आकार) ६४, तांबड्या पेशी ५.६ दशलक्ष, एचबीए-२ (हिमोग्लोबिनचा एक प्रकार) ५.१ टक्के. आमच्या डॉक्टरांनी एक साधा भागाकार दाखवला: एमसीव्हीला तांबड्या पेशींच्या आकड्यानं भागा. १३ च्या खाली आलं तर थॅलेसेमिया मायनरचा संशय, वर आलं तर लोहाची कमतरता असण्याची शक्यता. माझं येतं ११.४. हा फक्त अंदाज, पक्कं निदान एचबीए-२ वरूनच. लोह फार कमी असेल तर एचबीए-२ सुद्धा थोडं कमी दाखवतं, म्हणून आधी लोह भरून काढून मग परत करतात.

मायनर असलं म्हणून लोह नेहमी भरपूर असतं असं समजू नका. माझं फेरिटिन गरोदरपणात ११ आलं, तेव्हा मला लोहाच्या गोळ्या दिल्या आणि त्या बरोबरच होत्या. नवऱ्याचीही तपासणी केली होती, तो नॉर्मल निघाला. दोघंही मायनर असते तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता मेजर बाळाची, आणि १०-१२ आठवड्यांत वारेचा नमुना घेऊन तपासता येतं. सिंधी, लोहाणा, पंजाबी घरांत प्रमाण जास्त असतं म्हणतात, ते खरं आहे. पण आम्ही यातले कुणीच नाही.

काळी_माती

ते सोडा. इथल्या लोकांना कोल्हापूरला गेलं तर कर्नाटकाचं कार्ड चालत नाही आणि बेळगावात गेलं तर कागद कन्नडमध्ये. यावर कोण बोलणार?

धागापाल

याच्यावरून खाली बरीच जुंपली होती, त्या प्रतिक्रिया काढल्या आहेत. सीमाप्रश्नाचा धागा वेगळा आहे. उपयोगाचं तेवढं ठेवतो: महाराष्ट्र सरकारनं २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू करायचा निर्णय घेतला, त्यावर कर्नाटकानं हरकत घेतली. आपलं गाव यादीत आहे का आणि आज कोणता दवाखाना ते कार्ड घेतो, हे निघायच्या आधी फोन करून विचारा. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात थॅलेसेमिया, हिमोफिलिया आणि सिकलसेल हे आजार आहेत. यूडीआयडी, म्हणजे अपंगत्वाचं ओळखपत्र, देशभर चालतं, अर्ज राहत्या जिल्ह्यातून. सरकारी रक्तपेढीत या तिन्ही आजारांना रक्त मोफत आहे, बदल्यात दाता आणायची सक्ती नाही.

ओ_पॉझिटिव्ह

मी स्वतः मेजर. वय २९, बेळगावातच नोकरी करतो, रक्त घ्यायच्या दिवशी अर्धी रजा टाकतो. घटप्रभादादा, ३,४०० वाचून घाबरू नका. मी ६,००० च्या वर होतो आणि खाली आलोय.

लोह उतरायला वर्षं लागतात. पहिले काही महिने आकडा ढिम्म हलत नाही, त्यातच घरचे कंटाळतात आणि मुलं गोळी खिडकीबाहेर टाकतात. दर तीन महिन्यांनी फेरिटिन करा आणि एका वहीत तारखेसकट मांडा. एका रिपोर्टवरून काही ठरवू नका, रेषा वर चाललीय की खाली ते बघा. २,५०० च्या वर बरीच वर्षं राहिलं तर हृदयाचा धोका वाढतो, म्हणून ती रेषा आधी ओलांडायची. १,००० च्या खाली आलं की डॉक्टर डोस कमी करतात, तेव्हा आपल्या मनानं जास्त घ्यायचं नाही, अंगात लोहच नसेल तर ती गोळी दुसरीकडं त्रास देते.

आणि टी-टू-स्टार एमआरआयबद्दल विचारा, त्यात हृदयातलं लोह कळतं. साधारण दहाव्या वर्षानंतर मूल शांत पडून राहू शकतं तेव्हा करतात. फेरिटिन बरं असूनही हृदयात लोह असू शकतं. हृदयाचा टी-टू-स्टार २० मिलिसेकंदांच्या वर असला तर बरं, १० च्या खाली गेला तर धोक्याचं. माझा एकदा १२ आला होता तेव्हा फेरिटिन १,८०० होतं आणि इको एकदम नॉर्मल. एमआरआय झाला नसता तर आम्ही निवांत बसलो असतो. मशीन असून चालत नाही, त्यात ते सॉफ्टवेअर आणि वाचणारा माणूस लागतो, म्हणून बेळगाव, हुबळी, मिरज सगळीकडं आधी फोन करा.

पुतण्या ११ चा आहे तर दर सहा महिन्यांनी उंची मोजा, दाराच्या चौकटीवर नको, दवाखान्यातल्या तक्त्यावर. थायरॉईड, कॅल्शियम, साखर, ड जीवनसत्त्व वर्षातून एकदा. माझी दाढी उशिरा आली, त्याची उपचारपद्धत आहे, पण वेळेत विचारायला लागतं आणि घरात त्यावर कुणी बोलत नाही.

आजीला माझ्याकडून नमस्कार. माझी आजी मला काळीज भाजून द्यायची, तिच्या हातचं काळीज मला अजून आठवतं.

घटप्रभेचा_पोर

सगळ्यांचे आभार. प्रिंट काढून भावाला दिली.

शाळेत चिठ्ठी दिली. बाईंनी हजेरीवर त्याच्या नावापुढं लाल खूण केली आणि जंताची गोळी दिली तर चालेल का विचारलं. टॉनिक वहिनीनं परत केलं. गोळीचं मात्र निपाणीवाल्यांनी बरोबर पकडलं. चव आवडत नाही म्हणून पोरगं ती दुधातून घेत होतं, आणि गाळ तसाच राहायचा. आता संध्याकाळी जेवणाआधी, संत्र्याच्या रसात, आजीच्या देखरेखीखाली. कारखान्याची गोष्ट आईला पटली. 'मग गाळप सुरू करायचं औषध नाही का?' असं तिनं विचारलं, ते आता मी इथं विचारतो. त्याला चार वर्षांची बहीण आहे, ती नॉर्मल आहे.

लॅबवाले_अण्णा

जंताच्या गोळीत लोह नसतं, चालेल. तरी डॉक्टरांच्या कानावर घाला.

आईंनी विचारलं ते एकदम मर्मावर. बंद कारखान्याच्या जागी नवा बसवणं म्हणजे बोन मॅरो ट्रान्सप्लांट. सख्ख्या बहिणीचा एचएलए, म्हणजे दाता चालेल का ते ठरवणाऱ्या पेशींवरच्या खुणा, जुळायची शक्यता चारात एक. बहीण मायनर असली तरी दाता होऊ शकते. इथंही लोह आडवं येतं. यकृत वाढलेलं असेल, त्यात व्रण पडले असतील, आजवर लोह नीट उतरवलेलं नसेल, तर ट्रान्सप्लांटची जोखीम वाढते. त्यामुळं जुळो न जुळो, गोळी चालूच. ट्रान्सप्लांट यशस्वी झालं तरी साठलेलं लोह आपोआप जात नाही. पण तेव्हा नवा मगज तांबड्या पेशी बनवू शकतो, म्हणून थोड्या थोड्या दिवसांनी शिरेतून रक्त काढून लोह उतरवतात. ज्याला जन्मभर रक्त चढवलं त्याचंच काढायचं.

खर्चासाठी कोल इंडियाच्या निधीतून २०१७ पासून थॅलेसेमिया बाल सेवा योजना आहे, ठरावीक रुग्णालयांत १० लाखांपर्यंत मदत मिळते. वयाची आणि उत्पन्नाची अट आहे, तुमचा मुलगा ११ चा, तेव्हा चौकशी याच महिन्यात करा. पुढच्या रक्ताच्या तारखेला बहिणीलाही सोबत न्या आणि एचएलएचं विचारून घ्या. नमुन्यासाठी दोघांना उपाशी न्यायची गरज नाही.